टोळी पकडली जाते, मग मोडत का नाही?

विट्याजवळच्या एका व्यापाऱ्यांनी विचारलंय: "सांगली, सातारा, कोल्हापूरच्या पोलिसांचं संयुक्त पथक नेमलं, टोळी जेरबंद झाली, अशा बातम्या आम्ही वाचतो. दोन वर्षांनी त्यातलीच माणसं जामिनावर सुटून परत नाक्यावर दिसतात. मग संयुक्त पथकाचा नेमका उपयोग काय? आणि असं पथक कायमचंच का नेमून टाकत नाहीत?"

थेट सांगतो. बहुतेक संयुक्त पथकं आरोपी हातात आले की मोडतात. प्रत्येक जिल्ह्याची माणसं आपापल्या गाडीत बसून परत जातात आणि सगळ्या जिल्ह्यांचे कागद एका खटल्यात बांधायचं काम तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर एकटं उरतं. टोळी पकडायला माणसं लागतात, मोडायला कागद लागतो, आणि तो कागद चार ठिकाणी विखुरलेला असतो. मी स्थानिक गुन्हे शाखेत बरीच वर्षं काढली, पुढे उपअधीक्षक म्हणून मोक्काचे, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्याखालचे तपास केले. जे लिहितोय ते त्या कामातून.

आधी आपला मुलूख बघा. कोल्हापूर परिक्षेत्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर ग्रामीण आणि पुणे ग्रामीण असे पाच घटक एका विशेष पोलीस महानिरीक्षकांच्या हाताखाली येतात. या पाचांत पथक नेमायचं तर आयजी साहेबांचा एक आदेश पुरतो. पण टोळ्या परिक्षेत्राच्या रेषा पाळत नाहीत. शिरवळहून निघालेली गाडी तीनेक तासांत कागलला पोचते, मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर असे तीन जिल्हे जातात. पाटणहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, म्हणजे कोकण परिक्षेत्र. मिरजेहून म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, जतच्या उमदीहून पुढे चडचण, म्हणजे दुसरं राज्य, दुसरी भाषा, दुसरं पोलीस दल. तडीपार केलेला माणूस कुठे राहतो, याचं उत्तर सीमेवरच्या कुठल्याही जुन्या हवालदाराला विचारा. तो पलीकडच्या गावात खोली घेतो आणि रात्री मोटारसायकलवर घरी जेवायला येतो. म्हणून तडीपारीचा प्रस्ताव करताना लगतचे जिल्हे त्यात घालायचे आणि पलीकडच्या ठाण्याला आदेशाची प्रत त्याच दिवशी द्यायची. हे कायद्यात बसतं, करणारा मात्र लागतो.

दुसरी गोष्ट म्हणजे टोळीचा गुन्हा एका ठाण्यातून टोळीचा दिसतच नाही. पवनचक्क्यांच्या केबलची चोरी घ्या. चाळकेवाडीच्या पठारावर तांब्याची केबल कापली, ढालगावच्या माळावर कापली, जतकडे कापली. प्रत्येक ठाण्यात एक फिर्याद, 'अज्ञात चोरट्यांनी', काही हजारांचा मुद्देमाल. ठाणेदाराच्या डोक्यावर बंदोबस्त असतो, अपघात असतात, गावातली भांडणं असतात. या चोरीला तो किती वेळ देणार? तिन्ही ठाण्यांचे गुन्हे शेजारी ठेवले की मगच कळतं की कापायची पद्धत एक, वेळ एक आणि तांबं घेणारा भंगारवालाही एकच. संयुक्त पथकाचं पहिलं काम हे शेजारी ठेवणं. छापा बराच नंतर येतो.

कराडच्या विश्रामगृहात अशा एका कामाची बैठक होती. सातारा, सांगली आणि सीमेपलीकडचं एक ठाणं, तिघांनी आपापले रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे अल्बम आणले होते. लांब टेबलावर फोटो मांडले. साताऱ्याचा एक पोलीस नाईक उठला, त्याने पलीकडच्यांच्या अल्बममधला एक फोटो उचलून आपल्या फोटोशेजारी ठेवला, मग सांगलीच्या अल्बममधला तिसरा. एकच माणूस. एका ठिकाणी दाढी, एका ठिकाणी डोक्यावर टोपी. नावं तीन, वडिलांची नावं दोन, पत्ते तीन. तिन्ही ठिकाणी त्याची 'पहिलीच अटक' नोंदलेली. पहिलाच गुन्हा म्हणून तिन्ही कोर्टांनी त्याला जामीन दिलेला, आणि त्यात कोर्टाचं काही चुकलेलं नव्हतं, कारण समोर आलेल्या कागदावर तसंच लिहिलं होतं. आता महाराष्ट्रात बोटांचे ठसे, चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं जुळवणारी अ‍ॅम्बिस यंत्रणा आहे, देशपातळीवर ठशांसाठी नॅफिस आहे. पण अटक केलेल्याचे ठसे त्याच दिवशी यंत्रणेत चढवले तरच उपयोग. 'नंतर करू' म्हटलं की तो माणूस चौथ्या ठिकाणीही पहिलटकरच ठरतो.

आता मोक्का. 1999 चा हा कायदा म्हणजे कडक शिक्षा आणि न मिळणारा जामीन, एवढंच लोकांना माहीत असतं. तपास करणाऱ्याला त्याची व्याख्या महत्त्वाची. टोळीने बेकायदा कृत्य चालू ठेवलंय हे दाखवायला मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं लागतात. ती तीन वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांची असावी लागतात आणि कोर्टाने त्यांची दखल घेतलेली, म्हणजे खटला पुढे चालवायला घेतलेला असावा लागतो. म्हणजे आज माझ्या हद्दीत घडलेल्या खंडणीच्या गुन्ह्यात मोक्का लावायचा तर मला दुसऱ्यांच्या हद्दीतली जुनी दोषारोपपत्रं लागणार. हा कायदा एकट्याने चालवताच येत नाही.

इथे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आपल्या कामाचे आहेत. कोल्हापूरच्या मटका प्रकरणात 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की एकाहून अधिक दोषारोपपत्रांची अट टोळीला लागू आहे, टोळीतल्या प्रत्येक इसमावर दोन-दोन असली पाहिजेत असं नाही. त्याआधी 2017 मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात, दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात दाखल झालेली दोषारोपपत्रंही विचारात घेता येतात, असं ठरलं. आजचा गुन्हा मात्र आपल्याकडे घडलेला हवा. आपल्या भागासाठी याचा अर्थ असा की अथणी किंवा विजयपूरच्या कोर्टातला जुना दरोड्याचा खटला सांगलीच्या मोक्काच्या प्रस्तावात जोडता येतो.

जोडता येतो, पण आणायचा कसा? एक हवालदार एसटीने तिथे जातो, नकलेचा अर्ज देतो, थांबतो. नक्कल कन्नडमध्ये मिळते, भाषांतर करून घ्यावं लागतं. दोषारोपपत्राची प्रत मिळाली तरी दखल घेतल्याचा आदेश वेगळा मागावा लागतो. तो नसला की बचाव पक्षाचे वकील पहिलं बोट तिथेच ठेवतात. तारीख दहा वर्षांच्या आत बसते का, हे मोजावं लागतं. ही मेहनत बातमीत येत नाही, तिला बक्षीसही नसतं. पण मी पाहिलेले मोक्काचे जे प्रस्ताव ढासळले, त्यांतले बरेच याच ठिकाणी ढासळले. पथकात सीमेपलीकडचा एक माणूस शेवटपर्यंत असेल तर तोच हे कागद तिथून काढून देतो. म्हणून मी म्हणतो की पथक छाप्यानंतर मोडू नका.

मोक्काला दोन दारं आहेत. गुन्ह्याला मोक्का लावण्याआधी उपमहानिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी, आणि कोर्टाने दखल घेण्याआधी अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याची. तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. दोषारोपपत्राची मुदत 90 दिवसांवरून 180 पर्यंत वाढवून मिळू शकते. लोकांना 180 दिवस खूप वाटतात. चार जिल्ह्यांचे कागद, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल, मोबाइल कंपन्यांची प्रमाणपत्रं आणि मुंबईची मंजुरी यांत ते कसे सरतात हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं 111 वं कलमही संघटित गुन्हेगारीसाठी आलंय. त्यात मोक्कासारखी वरिष्ठांची आगाऊ मंजुरी नाही, म्हणून ते झटकन लावता येतं. माझं मत विचाराल तर हे कलम लावण्याआधीही ठाणेदाराने मोक्काचीच शिस्त पाळावी. सोपं म्हणून लावलेलं कलम कोर्टात टिकत नाही, आणि टोळीच्या कलमातून सुटलेला माणूस बाहेर येऊन आणखी शेफारतो.

यापुढची गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही: आरोपीचा ताबा आधी कुणी घ्यायचा? समजा दरोडेखोर पकडला, त्याच्यावर सांगलीत एक, साताऱ्यात दोन गुन्हे. प्रत्येक जिल्ह्याला आपला गुन्हा उघडकीस आणायचा असतो. आरोपी पहिल्या कोठडीत सगळंच बोलून जातो: दागिने कुठे गाळले, पिस्तूल कुठल्या विहिरीत टाकलं. कायद्यात आरोपीच्या सांगण्यावरून नव्याने सापडलेली वस्तू पुरावा ठरते. पोलिसांना आधीच ठाऊक असलेली जागा त्याने पुन्हा 'दाखवली' तर तो पुरावा राहत नाही. पहिल्या जिल्ह्याने उत्साहात साताऱ्याच्या गुन्ह्यातलं पिस्तूलही शोधलं, आणि पंचनामा करताना साताऱ्याचा तपास अधिकारी हजर नसला, तर पुढे साताऱ्याच्या खटल्यात ते पिस्तूल लंगडं पडतं. म्हणून ताब्याचा क्रम आधी ठरवायचा, निवेदन पंचनाम्याला, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढतानाच्या पंचनाम्याला, दोन्ही ठिकाणचे अधिकारी हजर ठेवायचे, मुद्देमाल कुठल्या ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात जमा होणार हे लेखी ठेवायचं.

फोटोचंही तसंच. ओळख परेड कारागृहात तहसीलदार किंवा नायब तहसीलदारांसमोर होते. साक्षीदाराने आरोपीला गुन्ह्याच्या वेळीच पाहिलं आणि त्यानंतर थेट परेडमध्ये, हीच तिची ताकद. पत्रकार परिषदेत आरोपींना बुरखे घालतात ते याचसाठी. पथकात तीन जिल्ह्यांची तीसेक माणसं असतात. त्यातल्या एकाने कौतुकाने 'आमची कामगिरी' म्हणून आरोपीचा उघडा चेहरा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला, की तासाभरात तो फोटो फिर्यादीच्या भाच्याच्या मोबाइलवर असतो. परेड संपली. संयुक्त कामात श्रेय कुणाचं हा वाद दिसतो त्याहून महाग पडतो. दोन अधीक्षक कार्यालयांनी एकाच दिवशी वेगवेगळी माहिती दिली तर बचावाचे वकील दोन्ही कात्रणं कोर्टात आणतात. नियम एकच असावा: माध्यमांशी एकजण बोलेल, तोही ओळख परेड झाल्यावर.

सीमेपलीकडून अटक करून आणताना आणखी एक काळजी घ्यायची. स्थानिक ठाण्यात नोंद, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे आरोपीला आपल्याकडे आणायची परवानगी, हे जुनं आहे. अलीकडे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. ज्याला फक्त कन्नड वाचता येतं त्याच्या हातात मराठी कागद देऊन सही घेतली तर अटकच बेकायदा ठरायची भीती. जत आणि मिरज भागातल्या पथकात कन्नड लिहिणारा अंमलदार असणं ही चैन नाही, गरज आहे. आपल्याकडे घरात कन्नड बोलणारी कितीतरी पोरं दलात आहेत. त्यांना हुडकून पथकात घ्या.

मेफेड्रोन, म्हणजे एमडी या अंमली पदार्थाच्या कारखान्यांबद्दल लोक चिडून विचारतात, म्हणून तेही. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यापासून धागा पकडून कुपवाडमधला साठा गाठला. पुढच्याच महिन्यात मुंबई गुन्हे शाखेने कवठे महांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखान्यावर छापा घालून शंभर किलोहून अधिक एमडी पकडलं. एमडीची व्यापारी मात्रा, म्हणजे जिथून सर्वांत कडक शिक्षा लागते ते वजन, 50 ग्रॅम धरतात, म्हणजे हा साठा केवढा ते कळेल. 'बाहेरचे पोलीस येऊन पकडतात, मग इथले काय करतात?' हा प्रश्न साहजिक आहे. पण असा कारखाना मुद्दाम अशा जागी उभारतात की जिथे त्याचं गिऱ्हाईक नसतं. गिऱ्हाईक नाही म्हणजे व्यसनी नाही, भांडण नाही, फिर्याद नाही. धागा बाजाराकडून कारखान्याकडे येतो, उलटा क्वचितच जातो. म्हणून मुंबई-पुण्यात पुडी सापडली की तिच्या चौकशीत निघालेली तालुक्याची, गाडीची, टॉवरची माहिती त्याच आठवड्यात इकडच्या स्थानिक गुन्हे शाखेला मिळायला हवी. आणि इकडून जे कळण्यासारखं असतं, म्हणजे बंद पडलेला पोल्ट्री शेड अचानक चढ्या भाड्याने गेला, रात्री रसायनाचा उग्र वास येतो, मजूर परराज्यातले आणि गावात मिसळत नाहीत, हे पोलीस पाटलांकडून वर जायला हवं. अशा कामाला पथक कमी आणि दोन्हीकडचे रोज फोनवर बोलणारे दोन फौजदार जास्त उपयोगी पडतात.

जून 2023 मध्ये सांगली-मिरज रस्त्यावरच्या सराफी दालनात पोलीस असल्याची बतावणी करून दरोडेखोर शिरले. त्या तपासाचा धागा बिहारच्या तुरुंगात बसलेल्या सूत्रधारापर्यंत गेला. संयुक्त कामात सगळे विसरतात तो भागीदार इथे दिसतो: कारागृह विभाग. टोळीची भरती तुरुंगात होते, ओळखी बराकीत होतात. मध्य प्रदेशातल्या उमरटीचं पिस्तूल आणून देणारा आणि सांगलीचा पोरगा यांची भेट कुठे झाली असेल? कळंब्याच्या किंवा येरवड्याच्या तुरुंगात कोण कुणाच्या शेजारी होता, भेटीला कोण आलं, जामीनदार कोण राहिला, ही यादी दर महिन्याला पथकाच्या हाती आली तर पुढचा गुन्हा होण्याआधीच निम्मी माणसं कळतात. जामीनदारांची यादी तर नक्की बघा. एकच सातबारा पाच जामिनांना लावलेला मी स्वतः पाहिलाय.

पैशांकडे पथकं अजून पुरेशी बघत नाहीत, हे मला मनापासून खुपतं. टोळीप्रमुख आत जातो, पण त्याचे डंपर, जेसीबी, मेहुण्याच्या नावावरचा प्लॉट बाहेर चालूच राहतात. त्यावरच वकिलांची फी आणि आतल्या पोरांच्या घरचा किराणा चालतो. मोक्कात टोळीच्या वतीने बेहिशेबी संपत्ती बाळगणाऱ्यालाही शिक्षा आहे, संपत्ती जप्त करता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं 107 वं कलमही गुन्ह्यातून आलेल्या मालमत्तेवर टाच आणायला आहे. त्यासाठी पथकात दुय्यम निबंधक, आरटीओ आणि सहकार खात्याशी बोलणारा, आकडे वाचणारा एक अंमलदार पहिल्या दिवसापासून हवा. बेकायदा सावकारीच्या तक्रारी 2014 च्या कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकांकडे जातात आणि खंडणीच्या पोलिसांकडे. माणूस तोच, फाइली दोन इमारतींत.

आता तुमचा दुसरा प्रश्न: पथक कायमचं का नाही? मला ते नको वाटतं. कायम पथकाची तीन वर्षांत एक वेगळीच शाखा बनते. ठाण्यांपासून तुटते, बातमीदार आटतात, आणि टोळ्याही त्या ठरावीक चेहऱ्यांना ओळखून सांभाळायला शिकतात. मला हवं ते असं: टोळीगणिक एक लेखी आदेश. त्यात तपास अधिकारी कोण, कुठल्या जिल्ह्याचा कोण माणूस, कुठलं काम त्याच्याकडे आणि मुदत 'खटल्याच्या निकालापर्यंत'. युरोपातल्या देशांची संयुक्त तपास पथकं अशाच लेखी करारावर चालतात. प्रमुख कोण, मुदत किती, गोळा झालेला पुरावा कुणाला कसा वापरता येईल, हे आधी ठरतं. अमेरिकेने 1982 मध्ये अंमली पदार्थांच्या टोळ्यांविरुद्ध उभारलेल्या संयुक्त दलांत सरकारी वकील तपासातच सामील असत. आपल्याकडे वकील साहेबांच्या हाती कागद येतो तो बहुधा सगळं झाल्यावर. विशेष सरकारी वकिलांना पहिल्या पंधरवड्यात बोलवा, ते काय कमी आहे ते तेव्हाच सांगतील.

आणि पैरवी, म्हणजे कोर्टात खटल्याचा पाठपुरावा. प्रत्येक जिल्ह्याचा एक पैरवी अंमलदार त्या खटल्याला नेमलेला असावा आणि त्याची बदली झाली तर बदली माणूस आदेशाने यावा. साक्षीदाराला समन्स पोचवणं, त्याला धीर देणं, तारखेला आणणं, पंच गाव सोडून गेला असेल तर शोधणं. पाच वर्षांनी खटला उभा राहतो तेव्हा पकडणारे अधिकारी गडचिरोलीला किंवा मुंबईला गेलेले असतात, फिर्यादी एकटा कोर्टाच्या व्हरांड्यात आणि समोर टोळीची वीस पोरं. तिथे साक्षीदार फुटतो आणि मग ती माणसं तुम्हाला नाक्यावर दिसतात. मोक्कात साक्षीदाराची ओळख गुप्त ठेवायची, बंद दाराआड सुनावणी घ्यायची सोय आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनाही देशभर लागू केली आहे. संरक्षणाचा अर्ज करा म्हणून फिर्यादीला सांगणारा माणूस हवा, तो म्हणजे हाच पैरवी अंमलदार.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, खंडणीचा फोन आला की फोन बदलू नका, सिम फेकू नका. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. ते ठाण्याला सांगून लगेच जपा, आणि ते देताना नव्या साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाचं, हॅश किंमत (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा आकडा) असलेलं प्रमाणपत्र जोडलं जातंय ना ते पाहा. गाडी कुठल्या दिशेने गेली ते वेळेसकट लिहून ठेवा. तासवडे किंवा आनेवाडीच्या टोलचं चित्रण मागवायला ती वेळच लागते. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, कुणी परत पाठवू शकत नाही. तो वर्ग झाला की कुठल्या ठाण्यात, कुठल्या नंबरने, तपास अधिकारी कोण, हे लेखी मागा. आणि संयुक्त पथक नेमलंय असं कळलं तर त्या अधिकाऱ्याला एवढंच विचारा की आमच्या खटल्याची पैरवी कोण करणार, त्याचं नाव आणि नंबर द्या.